हॉलची कुळकथा

पाहुणे वाढले की आपल्याकडे घरोघर एकच तोडगा निघतो : “सगळ्यांच्या गाद्या हॉलमध्येच घाला.” वन बीएचकेमधल्या ‘एच’चा हा हॉल. दिवसा बैठक, जेवणवेळी पंगत, रात्री अंथरुणं. खुद्द इंग्लंडमधल्या साध्या घरात मात्र हॉल म्हणजे दाराच्या आतला बोळ, कोट आणि छत्र्या टांगण्यापुरता. एकाच शब्दाची अशी दोन रूपं कशी झाली, याचं उत्तर दगडात बांधलेलं आहे.

वेल्सच्या सीमेजवळ, श्रॉपशर परगण्यात स्टोकसे कॅसल उभा आहे. नाव किल्ल्याचं, पण वास्तू एका व्यापाऱ्याच्या घराची. लडलोच्या लॉरेन्स या लोकरीच्या बड्या व्यापाऱ्याने १२८१ साली ही जागा घेतली आणि १२९१ साली घराला तटबंदी करण्याचा राजाचा परवाना मिळवला. घराचा गाभा म्हणजे मधलं दालन, तोच हॉल. लांबी सुमारे ५४ फूट, रुंदी ३१ फूट आणि मध्ये एकही खांब नाही. छताचा भार प्रचंड लाकडी कमानी दगडी भिंतींवर उतरवतात.

जमिनीच्या मधोमध आगटी होती. धुराडं नव्हतं, धूर वर चढायचा आणि छतातून वाट काढायचा. म्हणून दालनावर माळा घालण्याची सोयच नव्हती, आढ्यापर्यंत सगळं मोकळं ठेवावं लागे. ही उंची पाहून आज आपण थक्क होतो, पण ती वैभवाआधी धुराची गरज होती. अशा हॉलमध्ये मालक, चाकर, पाहुणे एकत्र जेवत आणि रात्री चाकरमंडळी तिथेच अंग टाकत. हॉल ही घरातली एक खोली नव्हती; हॉल म्हणजेच घर. इंग्लंडमधल्या कित्येक वाड्यांच्या नावात ‘हॉल’ आहे, तो याच अर्थाने.

स्टोकसेच्या हॉलला लागून, बाहेरच्या जिन्याने चढून जायची मालकाची खासगी खोली आहे. तिथल्या शेकोटीच्या दोन्ही बाजूंना दोन झरोके आहेत, खाली हॉलमध्ये डोकावणारे. मालक वेगळा बसू लागला होता, पण त्याची नजर अजून पंगतीवर होती.

पुढे आग भिंतीत गेली. धुराडं आलं, धूर कोंडेनासा झाला आणि हॉलच्या डोक्यावर मजले चढले. मालकाची पंगतही वर गेली. डर्बीशरमधला हार्डविक हॉल १५९० ते १५९७ या काळात बांधला गेला. मालकीण बेस ऑफ हार्डविक. आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा मानला जातो. एरवी घराच्या दर्शनी बाजूला आडवा पसरणारा हॉल इथे उभा वळवला. पुढच्या दारातून शिरलं की सरळ त्यातच पाऊल पडतं. मानाच्या पंगती आणि भेटीगाठी मात्र सर्वांत वरच्या मजल्यावरच्या भव्य दालनात. खाली उरला तो येण्याजाण्याचा हॉल. लहान घरांपर्यंत पोचता पोचता त्याचा बोळ झाला.

शब्दाचं मूळ आणखी जुनं आहे. प्राचीन इंग्रजीतला ‘हेआल’ हा ‘झाकणे’ या अर्थाच्या धातूपासून आला, आणि आपल्या ‘शाला’चं मूळही तेच असल्याचं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. तसं असेल, तर पाठशाळा, धर्मशाळा आणि हॉल ही एकाच गोत्रातली भावंडं : डोक्यावर छप्पर, त्याखाली चार माणसं.

साहेबाच्या भाषेबरोबर हा शब्द आपल्याकडे आला, तेव्हा त्याच्या मायदेशी त्याचं आकुंचन कधीच झालं होतं. आपल्या लहान जागांनी आणि मोठ्या गोतावळ्यांनी त्याला त्याचं जुनं काम परत दिलं. लग्नघरात दिवा मालवल्यावर हॉलमध्ये ओळीने निजलेली माणसं पाहिली, की मला स्टोकसेच्या आगटीभोवती पहुडलेली माणसं आठवतात.