काचेवरील एचिंग : घरगुती सुरक्षितता

काचेचा वरचा पातळ थर रसायनाने खाऊन किंवा घासून काढून तिच्यावर दुधी नक्षी उमटवण्याच्या क्रियेला एचिंग म्हणतात. घरी पेले, बरण्या व आरसे यांवर स्टेन्सिल चिकटवून आणि एचिंग क्रीम लावून ही नक्षी काढतात.

रसायन : काचेतील सिलिकेवर बहुतेक आम्लांचा परिणाम होत नाही, हायड्रोफ्लोरिक आम्ल मात्र तिला विरघळवते. स्वीडिश रसायनज्ञ कार्ल शेले यांनी १७७१ मध्ये फ्लोरस्पार या खनिजावर गंधकाम्लाची क्रिया केली, तेव्हा त्यांचे काचपात्रच झिजले. क्रीममध्ये बहुधा अमोनियम बायफ्लोराइड असते व ओलाव्यात त्यापासून हेच आम्ल बनते. शुद्ध आम्ल घरी कधीही वापरू नये.

धोका : या आम्लातील फ्लोराइड त्वचेतून खोल शिरते आणि शरीरातील कॅल्शियम व मॅग्नेशियम बांधून टाकते. त्यामुळे ऊती मरतात, हाडालाही इजा होते. मोठ्या प्रमाणात संपर्क आल्यास हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. द्रावण २० टक्क्यांपेक्षा सौम्य असेल, तर वेदना सुरू व्हायला २४ तासही लागतात. म्हणून आग होत नाही एवढ्यावरून निर्धास्त राहू नये.

खबरदारी : खिडक्या उघड्या ठेवाव्यात. नायट्राइलचे अखंड हातमोजे, बंदिस्त चष्मा व पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. मुले व पाळीव प्राणी दूर ठेवावेत. नक्षी पेल्याच्या बाहेरून, काठापासून खाली काढावी. क्रीम प्लॅस्टिकच्या टबात भरपूर पाण्याने धुवावे. चिनी मातीच्या बेसिनची झिलईही ते खाते. क्रीममध्ये दुसरे आम्ल किंवा संडास साफ करण्याचे द्रव मिसळू नये.

प्रथमोपचार : क्रीम अंगाला लागताच ती जागा वाहत्या पाण्याखाली धरावी, भिजलेले कपडे काढावेत आणि मिळाल्यास २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळावे. डोळ्यात गेल्यास केवळ पाण्याने सतत धुवावे. वेदना नसली तरी रुग्णालय गाठावे व क्रीमची बाटली डॉक्टरांना दाखवावी. फ्लोराइडची इजा साध्या भाजण्यासारखी दिसली तरी तिचे उपचार वेगळे असतात.

अन्य पद्धती : हिऱ्याच्या टोकाच्या कोरणयंत्राने काम करताना काच ओली ठेवावी, म्हणजे भुकटी उडत नाही, विजेचे यंत्र मात्र कोरडे राहिले पाहिजे. वाळूच्या फवाऱ्यातील सिलिकाधूळ फुप्फुसात साठून सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग होतो. म्हणून वाळूऐवजी बंद पेटीत ॲल्युमिनियम ऑक्साइड वापरावे आणि धूळरोधक मास्क लावावा. नवशिक्यांसाठी हाताने कोरण्याची पद्धत सर्वांत सुरक्षित आहे.