१३ पैकी १३ सामने जिंकूनही संघ बाहेर! अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्ये प्लेऑफचं गणित कसं चालतं?

३ डिसेंबर २०२३. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा फुटबॉल संघ टीव्हीसमोर बसला होता. हंगामात १३ सामने झाले होते आणि तेराही जिंकले होते. आपल्या कॉन्फरन्सचं विजेतेपदही मिळालं होतं. आता प्लेऑफचे चार संघ जाहीर होणार होते. यादी आली तेव्हा फ्लोरिडा स्टेट पाचव्या क्रमांकावर होतं. चौथी जागा गेली अलाबामाकडे, ज्यांनी एक सामना गमावला होता.

कारण काय, तर फ्लोरिडा स्टेटचा मुख्य क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय १८ नोव्हेंबरच्या सामन्यात मोडला होता. त्याच्याशिवाय हा संघ आधीसारखा राहिलेला नाही, असं निवड समितीचं मत पडलं. त्याच्याशिवाय संघाने पुढचे दोन सामने जिंकले होते, तरीही.

मैदानावरचा निकाल मोठा की समितीचा अंदाज? कॉलेज फुटबॉलमध्ये हा वाद जवळपास शंभर वर्षं सुरू आहे. प्लेऑफचा फॉरमॅट पुन्हा पुन्हा बदलण्यामागेही हाच वाद आहे.

हा नेमका कोणता फुटबॉल?

हा मेस्सी-रोनाल्डोचा फुटबॉल नाही. हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा हा अमेरिकन फुटबॉल आहे. एनएफएल ही त्याची व्यावसायिक लीग आणि विद्यापीठांचे संघ खेळतात ते कॉलेज फुटबॉल. ‘कॉलेज’ म्हणून हा खेळ किरकोळ समजू नये. एकट्या मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता एक लाखाहून जास्त आहे.

एकच गुणतक्ता का नाही?

आयपीएलमध्ये १० संघ, प्रत्येकाचे १४ साखळी सामने आणि सगळ्यांचा मिळून एक गुणतक्ता असतो. पहिले चार प्लेऑफमध्ये जातात, समिती वगैरे लागत नाही.

कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च स्तरावर २०२५ मध्ये १३६ संघ होते. नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १२ सामने येतात. म्हणजे बहुतेक संघ एकमेकांशी खेळतच नाहीत. त्यात हे संघ वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे गटांमध्ये विभागलेले आहेत. एसईसी आणि बिग टेन हे सगळ्यात श्रीमंत गट. तगड्या गटातल्या १० विजयांची लहान गटातल्या १२ विजयांशी तुलना करायची कशी? इथेच कोणाच्या तरी मताची गरज पडते.

प्लेऑफ नव्हता तेव्हा विजेता कसा ठरायचा?

चक्क मतदानाने. १९३६ पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था पत्रकारांच्या मतांवरून क्रमवारी काढते. १९५० पासून प्रशिक्षकांची वेगळी क्रमवारी सुरू झाली. हंगामाच्या शेवटी ‘बोल’ नावाचे मानाचे सामने व्हायचे. त्यातला रोझ बोल सर्वात जुना, १९०२ चा. पण पहिल्या दोन क्रमांकांचे संघ समोरासमोर येतीलच, याची खात्री नसायची. कधी पत्रकारांचा विजेता वेगळा आणि प्रशिक्षकांचा वेगळा, असंही व्हायचं.

१९९८ मध्ये बीसीएस ही पद्धत आली. मतं आणि संगणकाचं गणित एकत्र करून दोन संघ निवडायचे आणि त्यांच्यात अंतिम सामना घ्यायचा. २००४ मध्ये ऑबर्नने सगळे सामने जिंकले, तरी त्यांना अंतिम सामना मिळाला नाही, कारण आणखी दोन अपराजित संघ त्यांच्या पुढे होते.

चार संघांच्या प्लेऑफने काय साधलं?

२०१४ च्या हंगामापासून १३ सदस्यांची समिती चार संघ निवडू लागली. ही पद्धत १० वर्षं चालली, म्हणजे एकूण ४० जागा भरल्या गेल्या. त्यातल्या २३ जागा फक्त चार विद्यापीठांनी घेतल्या: अलाबामा ८, क्लेमसन ६, ओहायो स्टेट ५ आणि ओक्लाहोमा ४.

लहान गटांतून या १० वर्षांत फक्त एक संघ आत गेला, २०२१ मध्ये सिनसिनाटी. त्याआधी २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाने हंगामातले सगळे १३ सामने जिंकले होते. शेवटच्या सामन्यात त्यांनी ऑबर्नला हरवलं. त्याच ऑबर्नने त्या वर्षीच्या दोन्ही अंतिम स्पर्धकांना, अलाबामा आणि जॉर्जियाला, हरवलं होतं. सेंट्रल फ्लोरिडाला मात्र प्लेऑफमध्ये जागा नव्हती. त्यांनी स्वतःच स्वतःला राष्ट्रीय विजेता जाहीर करून टाकलं.

१२ संघांचा फॉरमॅट कसा आहे?

२०२४ पासून प्लेऑफमध्ये १२ संघ आले. पहिल्या दोन वर्षांचा नियम असा होता: क्रमवारीत सर्वात वर असलेले पाच कॉन्फरन्स विजेते थेट आत, बाकीच्या सात जागा समितीच्या क्रमवारीनुसार. पहिल्या चार मानांकितांना थेट उपांत्यपूर्व फेरी. ५ ते १२ क्रमांकाचे संघ पहिली फेरी खेळतात आणि ती वरच्या मानांकित संघाच्या घरच्या मैदानावर होते.

२०२४ मध्ये पहिली चार मानांकनं फक्त कॉन्फरन्स विजेत्यांसाठी राखीव होती. त्यामुळे क्रमवारीत नवव्या असलेल्या बॉइसी स्टेटला तिसरं आणि बाराव्या असलेल्या अ‍ॅरिझोना स्टेटला चौथं मानांकन मिळालं. यावर टीका झाली आणि २०२५ पासून क्रमवारी तेच मानांकन, असा नियम झाला.

गंमत म्हणजे, थेट उपांत्यपूर्व फेरी मिळालेल्या आठपैकी सात संघ या दोन वर्षांत आपला पहिलाच सामना हरले.

मग समतोल आला का?

२०२५ च्या हंगामाचा अंतिम सामना १९ जानेवारी २०२६ ला झाला. इंडियानाने मायामीला २७-२१ ने हरवलं. हे दोन संघ दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

मायामी दहाव्या मानांकनावरून अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलं. जुन्या पद्धतीत त्यांना प्रवेशच मिळाला नसता. २०२४ मध्ये आठव्या मानांकनावरून विजेता ठरलेल्या ओहायो स्टेटचंही तेच. ही फॉरमॅटची किमया.

इंडियानाचं प्रकरण वेगळं. २०२५ चा हंगाम सुरू झाला तेव्हा या स्तरावर सर्वाधिक पराभव त्यांच्याच नावावर होते. २०२३ मध्ये १२ पैकी ९ सामने हरलेला हा संघ दोन वर्षांत १६-० असा अपराजित विजेता झाला. पण ते पहिल्या मानांकनाचे होते. प्लेऑफमध्ये दोनच संघ असते तरी ते आत असते. त्यांना वर आणलं ते नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आणि दुसऱ्या विद्यापीठांतून आलेले खेळाडू यांनी. आता खेळाडूंना विद्यापीठ बदलणं सोपं झालं आहे. २०२१ पासून त्यांना जाहिरातींतून कमाई करता येते, तर २०२५ पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात. एका विद्यापीठासाठी सगळ्या खेळांची मिळून ही मर्यादा वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर आहे.

थोडक्यात, संधी कोणाला मिळणार हे फॉरमॅट ठरवतो. ताकद कोणाकडे असणार हे पैसा आणि खेळाडूंची ये-जा ठरवते. एनएफएलमध्ये तळाच्या संघाला नवे खेळाडू निवडण्याची पहिली संधी मिळते आणि पगारावर मर्यादा असते. कॉलेजमध्ये अशी निवड नाही, खेळाडू आपलं विद्यापीठ स्वतः निवडतो.

याचा पुरावा एक पायरी खालीच सापडतो. दुसऱ्या स्तरावर, म्हणजे एफसीएसमध्ये, १९७८ पासून प्लेऑफ आहे आणि आता त्यात २४ संघ खेळतात. तरी २०११ ते २०२४ या १४ हंगामांत १० विजेतेपदं एकट्या नॉर्थ डकोटा स्टेटने नेली.

लहान संघांच्या हाती काय लागलं?

२०२५ मध्ये लहान गटांतले ट्युलेन आणि जेम्स मॅडिसन हे दोन संघ प्लेऑफमध्ये पोहोचले. पहिल्याच फेरीत ट्युलेन ४१-१० ने आणि जेम्स मॅडिसन ५१-३४ ने हरलं. प्लेऑफ सुरू होण्याआधीच दोघांच्याही प्रशिक्षकांनी मोठ्या विद्यापीठांची नोकरी स्वीकारली होती. लहान संघाने चांगली कामगिरी केली की त्याचा प्रशिक्षक आणि खेळाडू मोठ्या संघाकडे जातात, हे चक्र १२ जागांनी थांबलेलं नाही. २०२६ पासूनच्या करारात प्लेऑफच्या उत्पन्नातला प्रत्येकी सुमारे २९ टक्के वाटा एसईसी आणि बिग टेनला मिळणार आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त रक्कम दोनच गटांकडे.

संघ वाढवले की वाद मिटेल?

१६ किंवा २४ संघांच्या प्लेऑफची चर्चा सुरूच आहे. २०२३ मध्ये १२ संघ असते, तर फ्लोरिडा स्टेटवर अन्याय झाला नसता. पण २०२५ मध्ये १२ जागा असूनही वाद झालाच. मायामी आणि नोटर डेम दोघांचेही १० विजय आणि २ पराभव होते. कित्येक आठवडे समितीने नोटर डेमला वर ठेवलं आणि शेवटच्या यादीत मायामीला आत घेतलं, कारण हंगामाच्या सुरुवातीला मायामीने नोटर डेमला हरवलं होतं.

रेषा चौथ्या क्रमांकानंतर ओढा की बाराव्या, तिच्या पलीकडे कोणीतरी उरतंच. फरक इतकाच, की २०२३ मध्ये बाहेर राहिला तो एकही सामना न हरलेला संघ होता, २०२५ मध्ये दोन सामने हरलेला.