कॉफीच्या दाण्याचें नांव

मुंबई-पुण्याच्या एखाद्या दुकानांत आज चांगल्या कॉफीचें पुडकें हातांत घेतलें, तर त्यावर पुष्कळ मजकूर छापलेला आढळतो. दाणा कोणत्या डोंगरांत पिकला, मळा कोणाचा, तो समुद्रसपाटीपासून किती उंच, झाडाची जात कोणती, फळ धुऊन सुकविलें कीं सालासकट, आणि दाणा कोणत्या तारखेस भाजला, हें सर्व त्यावर असतें. हा मजकूर म्हणजे केवळ जाहिरात नव्हे. त्यामागें तीनशें वर्षांचा इतिहास आहे. आणि त्यांतलीं जवळजवळ पन्नास वर्षें अशीं होतीं, कीं भारतांतील मळेवाल्यास आपला दाणा आपल्या नांवानें बाजारांत आणण्याची कायद्यानें मुभाच नव्हती. दाण्याचें नांव कसें हरपलें आणि कसें परत आलें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे कॉफी निवडण्याचें आणि घरीं करण्याचें शास्त्रही सहज उलगडतें.

कॉफीचें मूळ माहेर आफ्रिकेंतील इथिओपियाचा नैर्ऋत्य भाग. तेथील डोंगरी रानांत हीं झुडपें आपोआप वाढतात. परंतु तिच्यापासून पेय करण्याची रीत पंधराव्या शतकांत येमेन देशांत रूढ झालेली दिसते. रात्रभर ईशचिंतनांत जागणारे सूफी साधक झोंप येऊं नये म्हणून हें पेय घेत. अरबी भाषेंत या दाण्यास बुन्न म्हणतात. मराठींतील बुंद हा जुना शब्द त्याचेंच रूप होय. येमेनच्या मोखा बंदरांतून हा दाणा परदेशीं जाई, म्हणून जगानें त्याला मोखा हेंच नांव दिलें. तो कोणत्या डोंगरावर, कोणाच्या शेतांत पिकला, हें विचारण्याचें कोणास कारण पडलें नाहीं. कॉफीचें पहिलें प्रसिद्ध नांव असें बंदराचें होतें, शेताचें नव्हतें.

भारतांत कॉफी आली ती बाबा बुडन या सूफी साधूच्या हातून, असें परंपरा सांगते. सतराव्या शतकांत मक्केची यात्रा करून परततांना त्यांनीं येमेनांतून सात दाणे लपवून आणले व चिकमगळूरजवळच्या डोंगरांत ते पेरले. त्या डोंगरांस आज बाबाबुडनगिरि म्हणतात. तेथील गुहेंतलें स्थान हिंदूंस दत्तपीठ म्हणून व मुसलमानांस दर्गा म्हणून पूज्य आहे. सात दाण्यांची कथा कोणी अक्षरशः खरी मानो वा न मानो, मलबार किनाऱ्यावर त्या शतकाच्या अखेरीस कॉफीचीं रोपें होतीं, हें निश्चित आहे. कारण इ. स. १६९६ मध्यें डच व्यापाऱ्यांनीं येथूनच तीं जावा बेटांत नेलीं. तीं पुरांत नष्ट झालीं म्हणून १६९९ मध्यें पुनः नेलीं. जावांतलें एक रोप १७०६ सालीं ॲम्स्टरडॅमच्या वनस्पति-उद्यानांत पोंचलें आणि तेथून त्याचा वंश अमेरिकेंत पसरला. टिपिका म्हणून जी जात आज नांवाजली जाते तिचें कूळ याच मलबारी रोपांपर्यंत जाऊन पोंचतें. परंतु युरोपच्या बाजारांत या कॉफीला नांव मिळालें तें जावाचें.

एकोणिसाव्या शतकांत इंग्रज मळेवाल्यांनीं म्हैसूर, कुर्ग, वायनाड व निलगिरी या भागांत मोठ्या प्रमाणावर लागवड केली. त्या शतकांत १८६९ हें साल दोन कारणांनीं कॉफीच्या इतिहासांत लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या वर्षीं सिलोनांत कॉफीच्या पानांखालीं नारिंगी रंगाची भुकटी दिसूं लागली. हा तांबेरा रोग होता. थोड्याच काळांत तो दक्षिण भारतांतही शिरला. सिलोनच्या मळेवाल्यांनीं अखेर कॉफी सोडून चहा धरला. भारतांतल्यांनीं मात्र झाडांवर दाट सावली राखून आणि रोगाला टिकाव धरणाऱ्या जाती शोधून ही शेती वांचविली. म्हैसूरच्या केंट नामक मळेवाल्यानें निवडलेली जात विसाव्या शतकाच्या आरंभीं प्रसिद्धीस आली. १९२५ मध्यें बाळेहोन्नूर येथें म्हैसूर सरकारनें संशोधन-केंद्र स्थापिलें, आणि तेथें केंट जातीच्या संकरापासून १९४० नंतरच्या दशकांत एस ७९५ ही जात निघाली. ती आजही मळ्यांतून सर्वत्र आढळते. पुडक्यावर हा रुक्ष आंकडा दिसला, तर तो तांबेऱ्याशीं झालेल्या दीर्घ झगड्याची खूण आहे असें समजावें.

त्याच १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला, आणि त्यानें एक चमत्कारिक अडचण उभी केली. तोंवर मलबारची कॉफी शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांनीं युरोपांत पोंचत असे. लाकडी तळघरांत समुद्राची दमट हवा खाऊन दाणे फुगत, हिरवे होते ते फिकट सोनेरी होत, आणि त्यांची आंबट चव मावळून एक भारदस्त गोडवा येई. युरोपच्या गिऱ्हाइकाला तीच मलबारी कॉफीची खरी चव वाटे. आगबोटी व कालवा यांनीं प्रवास आटोपता केला, तेव्हां दाणा ताजा पोंचूं लागला आणि जुनें गिऱ्हाईक नाराज झालें. यावर उपाय म्हणून किनाऱ्यावर, विशेषतः मंगळूराकडे, जूनपासून चार महिने उघड्या बाजूंच्या कोठारांत दाणे पसरून त्यांना मुद्दाम पावसाळी वारे पाजण्याची रीत पडली. मॉन्सून्ड मलबार या नांवानें ही कॉफी आजही विकली जाते.

पुढें १९३० च्या सुमारास जागतिक मंदी आली व मळेवाले हवालदिल झाले. देशांतच कॉफी पिणारे वाढावेत म्हणून १९३५ मध्यें कॉफी सेस कमिटी नेमली गेली, आणि तिनें १९३६ सालीं मुंबईस चर्चगेटजवळ पहिलें इंडिया कॉफी हाऊस उघडलें. पाठोपाठ दुसरें महायुद्ध आलें आणि युरोपचा बाजार बंद पडला. माल पडून राहणार व मळे ओसाड होणार, अशी वेळ आली. तेव्हां १९४२ च्या कॉफी कायद्यानें एक जबर उपाय योजला. प्रत्येक मळेवाल्यानें आपलें पीक बोर्डाच्या सामाईक सांठ्यांत घालावें. बोर्डानें तें लिलावानें विकावें. आणि प्रतवारीनुसार गुण ठरवून पैसे हप्त्याहप्त्यानें मळेवाल्यांस वांटावे.

या व्यवस्थेचे उपकार नाकारतां येणार नाहींत. लहान शेतकऱ्यास व्यापाऱ्याच्या दारांत उभें राहावें लागलें नाहीं, आणि कोणाचाही माल विक्रीवांचून सडला नाहीं. परंतु तिची किंमतही भारी होती. एकानें पिकलेलीं तांबडींबुंद फळें चार चार फेऱ्या करून वेंचलीं आणि दुसऱ्यानें हिरवीं-पिकलीं एकाच वेळीं ओरबाडलीं, तरी दोघांचे दाणे एकाच प्रतीच्या ढिगांत मिसळत. आकार मोजला जाई, दोष मोजले जात. परंतु कोणत्या उतारावरच्या दाण्याला कोणता सुगंध आहे, हें टिकवून ठेवण्याची सोय ढिगांत नव्हती. मेहनत अधिक करणारास मोबदला जेमतेमच अधिक मिळे, आणि पिणाऱ्याला तर हा भेद कळण्याचा मार्गच नव्हता. युद्धकाळची तजवीज युद्ध संपल्यावरही दशकानुदशकें चालू राहिली.

ती मोडली तीही बाहेरच्या धक्क्यानेंच. १९८९ सालीं आंतरराष्ट्रीय कॉफी-करारांतील वांटणी कोसळली व जगांत भाव उतरले. १९९१ मध्यें सोव्हिएट संघ विलयास गेला आणि भारतीय कॉफीचा मोठा ग्राहक नाहींसा झाला. १९९२ पासून सरकारनें सामाईक सांठ्याचें बंधन टप्प्याटप्प्यानें सैल केलें, आणि १९९६ पर्यंत सर्व मळेवाले आपला माल स्वतः विकण्यास मोकळे झाले. मोकळीक व जोखीम दोन्हीही एकदमच आलीं. २००१ च्या सुमारास जगांत भाव इतके घसरले, कीं कित्येक शेतकऱ्यांना वेंचणीची मजुरीही परवडेना. ज्यांच्याजवळ केवळ वजनानें विकण्याचा माल होता त्यांना न्यूयॉर्क-लंडनचा भाव मुकाट्यानें घ्यावा लागला. मळ्याच्या नांवानें विकण्याजोगा दाणा ज्यांनीं तयार केला, त्यांना मात्र स्वतःचा भाव सांगण्याची थोडी संधि मिळाली.

स्पेशालिटी कॉफी हा शब्द अमेरिकेंतील कॉफी-व्यापारी अर्ना क्नुट्सेन यांनीं १९७४ मध्यें प्रचारांत आणला. विशिष्ट भूभागाची विशिष्ट चव, हा त्यामागचा विचार. पुढें पारखी लोकांनीं चव घेऊन शंभरांपैकीं गुण देण्याची पद्धत बसविली व ८० गुणांची मर्यादा रूढ झाली. भारतांतही २०१९ सालीं कुर्ग, चिकमगळूर, बाबाबुडनगिरि व अराकू येथील अरेबिका आणि वायनाडची रोबस्टा यांना भौगोलिक निर्देशनाची मान्यता मिळाली. बाबा बुडनांच्या डोंगराचें नांव पुडक्यावर कायद्यानें येण्यास इतका काळ जावा लागला.

आतां निवडीचा प्रश्न. पुडकें घेतांना पहिल्यानें भाजल्याची तारीख पाहावी. भाजल्यावर पहिले कांहीं दिवस दाण्यांतून वायु बाहेर पडत असतो. तो ओसरल्यापासून सुमारें महिनाभर दाणा ऐन भरांत असतो. धुऊन सुकविलेल्या कॉफीची चव स्वच्छ व किंचित् आंबूस असते. सालासकट सुकविलेली अधिक गोडसर व फळासारखी लागते. पहिलीला आपल्या बाजारांत प्लँटेशन व दुसरीला चेरी म्हणण्याचा प्रघात आहे. हलकी भाजणी मळ्याची चव राखते. काळी भाजणी भट्टीची चव देते. दूध, साखर व जायफळ घालून कॉफी करण्याची जी महाराष्ट्रीय घरांतली चाल आहे, तिला नाजूक हलकी भाजणी मानवत नाहीं. तेथें मध्यम किंवा गडद भाजणीची, अथवा मॉन्सून्ड मलबार किंवा चांगली रोबस्टा मिसळलेली कॉफी शोभते. चिकोरीचें मूळ कॉफींत मिसळण्याची चाल युरोपांत नेपोलियनच्या नाकेबंदीच्या काळीं टंचाईपोटीं फैलावली. तिनें रंग व दाटपणा येतो, परंतु दाण्याचें नांव पुनः पुसलें जातें. म्हणून नव्या मळ्याची कॉफी प्रथम चिकोरीवांचून व दुधावांचून चाखून पाहावी.

घरीं करण्याचीं साधनें साधीं आहेत. दक्षिणेंतील पितळी दुमजली फिल्टर सर्वांच्या परिचयाचा आहे. कागदाचा फिल्टर ही जर्मनींतील ड्रेस्डेन शहरच्या मेलिटा बेन्ट्स या गृहिणीची युक्ति. भांड्याच्या तळाशीं राहणाऱ्या गाळास कंटाळून तिनें १९०८ सालीं पितळी भांड्याला खिळ्यानें भोंकें पाडलीं व मुलाच्या वहींतला टीपकागद आंत घातला.

त्या रीतीनें करावयाचें तर १५ ग्रॅम दाणे ऐनवेळीं बारीक रव्याइतके दळावे. कागद गरम पाण्यानें धुऊन घ्यावा, म्हणजे त्याचा वास लागत नाहीं. पाणी उकळल्यावर अर्धा मिनिट थांबून त्यांतलें ३०-४० मिलिलिटर भुकटीवर ओतावें. दाणा ताजा असेल तर भुकटी फुगून वर येते. शिळा असेल तर निपचित राहते. अर्ध्या मिनिटानें उरलेलें पाणी गोल धारेनें थोडें थोडें सोडावें. एकंदर पाणी सुमारें २४० मिलिलिटर व वेळ तीन मिनिटें. कॉफी बोचरी आंबट व पातळ लागली, तर पाण्यानें दाण्यांतून पुरतें सत्त्व घेतलें नाहीं. पुढच्या वेळीं दळण बारीक करावें. कडवट व तुरट लागली तर जाडसर करावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, म्हणजे दोष कोठें होता तें कळतें. दळण, पाणी व वेळ जुळून आलीं तरी चव फिकी राहिली, तर दोष बहुधा दाण्याचा असतो. उलट, हात नीट बसला म्हणजे दोन मळ्यांतला भेद साध्या जिभेलाही समजूं लागतो.

हा भेद ओळखण्यांत केवळ रसिकतेचाच प्रश्न नाहीं. भारतांतले बहुतेक कॉफी-उत्पादक लहान शेतकरी आहेत. अरेबिकाला खोडकिडा पोखरतो, तांबेरा अजून गेलेला नाहीं, आणि पावसाचे दिवस बदलत चालले आहेत. फुलें धरण्यासाठीं मार्च-एप्रिलांत एक नेमकी सर हवी असते. ती चुकली तर वर्षच चुकतें. त्यामुळें पुष्कळ शेतकऱ्यांनीं अधिक टणक अशी रोबस्टा जवळ केली, आणि आज भारताच्या पिकांत तिचाच वांटा दोन-तृतीयांशांहून अधिक आहे. उंच उतारावर, सिल्वर ओकच्या सावलींत व मिऱ्यांच्या वेलांशेजारीं अरेबिका राखणें, आणि तिचीं पिकलींच फळें निवडून वेंचणें, हें त्या शेतकऱ्यानें कोणत्या भरंवशावर करावें? सामाईक सांठ्याचा आधार आतां नाहीं. पुडक्यावरचें नांव वाचून, त्या नांवाचा दाणा पुढच्या वर्षीं पुनः मागणारें गिऱ्हाईक, एवढाच भरंवसा त्याला उरला आहे.