शर्यतीच्या मोटारीवरील उमेदवारी

क्रिकेट शिकूं इच्छिणाऱ्या मुलाला शिवाजी पार्कवर एक बॅट, एक चेंडू आणि दोनचार सोबती मिळाले कीं त्याचें शिक्षण सुरू होतें. मल्लविद्येला लंगोट, तांबडी माती आणि वस्ताद एवढें पुरतें. मोटारशर्यतीचें मात्र तसें नाहीं. येथें शिकाऊ मुलाला पहिल्या दिवसापासून मोटार लागते, ती दुरुस्त करणारा यंत्रज्ञ लागतो, झिजणारे टायर पुनः पुनः बदलावे लागतात, पेट्रोल लागतें, आणि मोटार कठड्यावर आदळली तर तिचा खर्च सोसणारा कोणी तरी लागतो. तेव्हां ही विद्या कोण कसा शिकला ह्याचा इतिहास पाहूं लागलें, कीं तो बहुतेक शिक्षणाचा खर्च कोणीं केला ह्याचाच इतिहास ठरतो. आपल्याकडे पूर्वीं कचेऱ्यांतून उमेदवारी करण्याची रीत होती. उमेदवारानें घरचें खाऊन बिनपगारी खर्डेघाशी करावी, आणि जागा मोकळी झाली व साहेबाची मर्जी बसली तर चिकटावें. मोटारशर्यतींतील संघांनीं ही उमेदवारी उलटी फिरविली. खर्च संघाचा, आणि उमेदवार मुलगाही संघाचा. हा पालट कसकसा होत गेला तें आज श्रोत्यांपुढें मांडावयाचें आहे.

ह्या शतकापूर्वींच्या शतकाच्या आरंभीं युरोपांतील शर्यतींत मुख्यत्वें दोन तऱ्हेचे लोक दिसत. एक, स्वतःची मोटार विकत घेण्याची ऐपत असलेले धनिक आणि सरदार; दुसरे, कारखान्यांतले यंत्रज्ञ, ज्यांच्या हातीं मालक विश्वासानें चाक देई. होतकरू माणूस मुद्दाम शोधून काढावा ही कल्पना ठळकपणें दिसते ती १९३४ सालीं, जर्मनींत. त्या वर्षीं मर्सिडीज-बेंझ आणि ऑटो युनियन ह्या दोन कारखान्यांनीं सरकारी साहाय्याच्या जोरावर अचाट शक्तीच्या मोटारी रस्त्यावर आणल्या. ऑटो युनियनच्या मोटारीचें एंजिन चालकाच्या पाठीमागें होतें, आणि पुढें एंजिन असलेल्या मोटारींवर हात बसलेल्या माणसांना ती सहजासहजीं वश होईना. तेव्हां त्या वर्षाच्या अखेरीस नुर्बुर्गरिंग ह्या सुमारें २३ किलोमीटर लांबीच्या डोंगरी मार्गावर कारखान्यानें नवख्यांची परीक्षा घेतली. तींतून बर्न्ड रोझेमायर हा मोटारसायकलींच्या शर्यतींत नांव मिळविलेला तरुण निवडला गेला. शर्यतीची मोटार त्यानें पूर्वीं कधीं हांकलेली नव्हती. परीक्षेला तो ठेवणींतला सूट घालून आला, आणि कारण विचारतां, आजच्या दिवसाला हाच पोशाख शोभतो, असें म्हणाला, अशी आख्यायिका आहे. जुन्या मोटारींची संवय नसल्यामुळें मोडावयाची संवयही त्याला नव्हती. दोन वर्षांत, म्हणजे १९३६ सालीं, तो युरोपचा विजेता झाला. आणि १९३८ च्या जानेवारींत फ्रँकफुर्टजवळच्या महामार्गावर वेगाचा विक्रम करण्याच्या प्रयत्नांत वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं मरण पावला.

मर्सिडीजचा हर्मान लँग हा त्याच काळांतला. तो कारखान्यांतला यंत्रज्ञ. दुसऱ्याची मोटार सज्ज करतां करतां स्वतः चाकावर बसला, आणि १९३७ पासून १९३९ पर्यंत ट्रिपोलीची शर्यत लागोपाठ तीन वर्षें जिंकला. त्याच्या संघांतल्या एका उमराव सोबत्यानें उपाहारगृहांत स्वतःसाठीं शँपेन आणि लँगसाठीं बिअर मागविली, असें सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, घरची श्रीमंती नसतांना ह्या खेळांत शिरलेल्या माणसाकडे कसें पाहिलें जाई तें तिच्यावरून कळतें.

महायुद्धानंतर ह्या शिक्षणाला खरें शाळेचें स्वरूप दिलें तें फ्रेंचांनीं. फ्रान्समध्यें मान्यी-कूर आणि पुढें पॉल रिकार येथील मार्गांवर शर्यतीच्या शाळा निघाल्या. शिकणाऱ्यांनीं शुल्क भरून वर्गांत यावें, घड्याळावर सर्वांची वेळ मोजली जावी, एकेक गळत जाऊन शेवटीं थोडे उरावे, आणि अंतिम परीक्षेंत पहिला येईल त्याला पुढील मोसमांत शर्यतीची मोटार मिळावी, अशी ती योजना. बक्षिसाचा भार प्रथम शेल आणि पुढें एल्फ ह्या तेलकंपन्यांनीं उचलला. स्वतःची मोटार नसलेल्या मुलाला हा केवढा आधार वाटला असेल! लाकडी सामान बनविणाऱ्या एका कारागिराचा मुलगा आलँ प्रोस्त १९७५ सालीं पॉल रिकारच्या परीक्षेंत पहिला आला. मिळालेल्या मोटारीवर त्यानें पुढल्या वर्षींच्या जवळजवळ साऱ्या शर्यती जिंकल्या. १९८० सालीं तो मॅकलारेन संघांतून फॉर्म्युला वनमध्यें, म्हणजे ह्या खेळाच्या सर्वोच्च पंक्तींत, दाखल झाला, आणि त्यानें पुढें चार वेळां जगज्जेतेपद मिळविलें. त्या १९८० सालीं त्या पंक्तींत फ्रान्सचे सात चालक होते. ह्या शाळेशीं आपलाही धागा आहे. कोइमतूरचा नरेन कार्तिकेयन १९९२ सालीं, पंधराव्या वर्षीं, तेथें गेला व उपांत्य फेरीपर्यंत पोहोंचला. २००५ सालीं फॉर्म्युला वनची शर्यत धावणारा तो पहिला भारतीय ठरला.

पण ह्या फ्रेंच शाळेचा ज्या विद्यार्थ्यासाठीं मीं मुख्यतः उल्लेख केला तो निराळा. फ्रांस्वा सेव्हेर १९६६ सालीं मान्यी-कूरची परीक्षा जिंकला, १९६८ सालीं फ्रान्सचा फॉर्म्युला थ्रीचा विजेता झाला, आणि १९७० सालीं केन टिरेल ह्यांच्या इंग्लिश संघांत आला. टिरेल हे लाकडाचे व्यापारी. माणूस पारखण्यांत त्यांची नजर तीक्ष्ण. स्कॉटलंडचा जॅकी स्टुअर्ट प्रथम त्यांनाच गवसला होता. आतां स्टुअर्ट जगांतला अव्वल चालक होता, आणि सेव्हेर त्याचा दुय्यम. ह्या खेळांत एकाच संघांतला सोबती हाच पहिला शत्रु समजतात, कारण दोघांच्या मोटारी सारख्या, आणि म्हणून तुलनाही थेट. स्टुअर्टनें मात्र आपल्याजवळचें काहींही झांकून ठेवलें नाहीं. कोणत्या वळणावर कोणता गिअर, ब्रेक कोठें सोडावा, मोटार चिडूं नये म्हणून चाक किती हळुवार फिरवावें, सारें त्यानें ह्या पोराच्या पदरांत घातलें. १९७१ सालीं अमेरिकेंत वॉटकिन्स ग्लेन येथें सेव्हेरनें आपली पहिली ग्राँ प्री जिंकली. १९७३ च्या ऑगस्टांत नुर्बुर्गरिंगवर स्टुअर्ट पहिला आणि सेव्हेर अगदीं मागोमाग दुसरा आला. त्या दिवशीं सेव्हेर मनांत आणतां तर आपल्याला मागें टाकूं शकला असता, असें स्टुअर्टनें पुढें स्वतःच सांगितलें. त्या मोसमाच्या शेवटीं निवृत्त व्हावयाचें स्टुअर्टनें ठरविलें होतें. टिरेलना तें ठाऊक होतें, सेव्हेरला नव्हतें. पुढल्या वर्षीं संघाचा नायक आपण होणार ह्याची त्याला कल्पनाही नव्हती. ६ ऑक्टोबर १९७३ रोजीं त्याच वॉटकिन्स ग्लेनला सरावाच्या वेळीं त्याची मोटार कठड्यावर आदळली व तो जागींच गेला. संघानें शर्यत सोडली. दुसऱ्या दिवशींची शर्यत स्टुअर्टची शंभरावी व्हावयाची होती; ती कधींच झाली नाहीं.

जर्मनींत ह्या कामाला पुन्हां शिस्त लावली ती योखेन नीरपाश ह्यांनीं. १९७७ सालीं बी. एम. डब्ल्यू. कारखान्यासाठीं त्यांनीं सुरर, चीव्हर आणि विंकेलहॉक ह्या तिघां तरुणांचा एक स्वतंत्र संघ उभारला आणि मोटारीइतकेंच शरीर कमावण्याकडेही लक्ष पुरविलें. हाच प्रयोग १९९० सालीं त्यांनीं मर्सिडीजसाठीं केला. त्या वेळच्या तिघांत मायकेल शूमाखर होता. बापाची कमाई बेताची असलेल्या त्या मुलाला १९९१ च्या ऑगस्टांत बेल्जियममधील पहिल्या ग्राँ प्रींत बसविण्यासाठीं मर्सिडीजनें पैसे मोजले.

येथपर्यंतचे उमेदवार निदान मिसरूड फुटलेले होते. १९९८ सालीं मॅकलारेन संघानें लुइस हॅमिल्टनशीं करार केला तेव्हां त्याचें वय तेरा वर्षांचें होतें. तीन वर्षांपूर्वीं एका समारंभांत ह्या मुलानें संघाचे प्रमुख रॉन डेनिस ह्यांना धीटपणें, मला एके दिवशीं तुमची मोटार हांकावयाची आहे, असें सांगितलें होतें. त्याचा बाप रेल्वेच्या नोकरीखेरीज आणखी कामें करून मुलाच्या कार्टचा, म्हणजे शर्यतीच्या त्या चिमुकल्या उघड्या गाडीचा, खर्च भागवीत असे. करारानें तो भार उतरला. हॅमिल्टन २००७ सालीं फॉर्म्युला वनमध्यें आला व २००८ सालीं अवघ्या एका गुणाच्या फरकानें जगज्जेता झाला. हें उदाहरण सर्वांच्या तोंडीं असतें. पण तेराव्या वर्षीं ज्याच्या भवितव्यावर एका कारखान्याची सही पडते, त्याला आपण कोण होणार हें ठरविण्याला वाव किती राहतो, हा प्रश्न मला तरी ह्या सुखान्त कथेनें सुटल्यासारखा वाटत नाहीं.

फेरारीनेंही २००९ सालीं आपली प्रबोधिनी काढली. तिचा पहिला विद्यार्थी जूल बियांकी हा २०१४ सालीं जपानांत पावसांतील शर्यतींत जबर जखमी झाला आणि नऊ महिन्यांनीं वारला. तो ज्याचा धर्मपिता, त्या शार्ल लक्लेअरला फेरारीनें २०१६ सालीं त्याच प्रबोधिनींत घेतलें, आणि २०१९ पासून तो फेरारीची मोटार हांकूं लागला.

तथापि ह्या पद्धतीचें पूर्ण रूप पाहावयाचें तर रेड बुल ह्या ऑस्ट्रियन पेय-कंपनीकडे वळावें लागतें. तिची उमेदवारांची योजना दीर्घकाळ हेल्मुट मार्को ह्यांच्या हातीं होती. हे कायद्याचे डॉक्टर. १९७१ सालीं ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकलेले. पुढल्याच वर्षीं फ्रान्समध्यें समोरच्या मोटारीच्या चाकाखालून उडालेल्या दगडानें त्यांचा डावा डोळा गेला आणि त्यांचें हांकणें संपलें. ह्या एका डोळ्यानें त्यांनीं किती मुलें पारखलीं आणि किती परत पाठविलीं! कार्टवरून फॉर्म्युला फोर, तेथून थ्री, तेथून टू अशी शिडी. प्रत्येक पायरीचा खर्च कंपनीचा. आणि प्रत्येक पायरीवर, पुढें जावयाचें कीं घरीं, ह्याचा निर्णयही कंपनीचा. २००५ सालीं कंपनीनें इटलींतील फाएन्झा येथील एक लहान संघच विकत घेतला आणि तो केवळ उमेदवारांसाठीं राखला. त्या लहान संघाच्या मोटारींतून सेबास्टियन फेटेलनें २००८ च्या सप्टेंबरांत माँझा येथें भर पावसांत ग्राँ प्री जिंकली, आणि २०१० ते २०१३ अशीं चार वर्षें तो जगज्जेता राहिला. २०१५ सालीं मॅक्स व्हर्स्टापेन सतरा वर्षांचा असतांना त्याच संघांतून उतरला. पुढल्या मे महिन्यांत डॅनिल क्वियाट ह्या रशियन तरुणाला मोठ्या संघांतून खालीं उतरवून त्याची जागा व्हर्स्टापेनला दिली, आणि पहिल्याच शर्यतींत, स्पेनमध्यें, तो अठरा वर्षांचा मुलगा जिंकला. इकडे चालकांचें किमान वय अठरा असावें असा नियम २०१६ पासून अंमलांत आला. पण व्हर्स्टापेन तोंपर्यंत आंत शिरलेला होता.

आतां दुसरी बाजू. स्पेनचा हाइमे अल्गेर्सुआरी २००९ सालीं एकोणिसाव्या वर्षीं फाएन्झाच्या संघांत आला. २०११ च्या डिसेंबरांत त्याला आणि त्याचा सोबती सेबास्तियँ ब्युएमी ह्याला एकदमच रजा मिळाली. अल्गेर्सुआरी तेव्हां एकवीस वर्षांचा. पंचविसाव्या वर्षीं त्यानें हा खेळच सोडला आणि तो संगीताकडे वळला. ब्युएमी मात्र ल मांची शर्यत चार वेळां जिंकला. न्यूझीलंडचा ब्रेंडन हार्टली २०१० सालीं वगळला गेला. पोर्शच्या मोटारीवर २०१७ सालीं तोही ल मां जिंकला, आणि मग त्याच फाएन्झाच्या संघानें त्याला परत बोलाविलें, नि २०१८ च्या अखेरीस पुन्हां निरोप दिला. ही माणसें मंदगतीचीं होतीं असें कोण म्हणेल? एका मोटारीवर एकच बसूं शकतो, एवढाच त्यांचा दोष.

संघ हा सारा खटाटोप निव्वळ उदारपणें करतात असें मानण्याचें कारण नाहीं. २००९ पासून मोसम चालूं असतां मोटार घेऊन मनसोक्त सराव करण्यास मनाई झाली. तेव्हांपासून कारखान्यांत मोटारीची प्रतिकृति उभारून तिच्यावर अभ्यास करतात, आणि शर्यतीच्या सप्ताहांत रात्र रात्र त्या यंत्रावर बसावयाचें काम बहुधा ह्या उमेदवारांकडे असतें. सकाळीं मोठ्या चालकाची मोटार सुधारलेली असते. जागरण कोणाचें झालें हें प्रेक्षकाला दिसत नाहीं. २०२२ पासून दर मोसमांत कांहीं सरावसत्रें नवख्यांनाच द्यावीं असा नियम आहे, तेवढा वेळ तरी त्यांना खरी मोटार मिळते.

शेवटीं आपल्या मुंबईच्या मुलाविषयीं. २०११ सालीं फोर्स इंडिया संघानें देशभर होतकरूंचा शोध केला आणि तिघे निवडले. त्यांतला एक तेरा वर्षांचा जेहान दारूवाला. कार्टवरून युरोपांतील पायऱ्या चढत तो वर गेला. ज्या संघानें त्याला शोधलें तो २०१८ सालीं कर्जापायीं प्रशासकांच्या ताब्यांत गेला. २०२० सालीं रेड बुलनें जेहानला आपल्या उमेदवारांत घेतलें, आणि त्याच डिसेंबरांत बहरीनमधील साखीर येथें फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय झाला. फॉर्म्युला वन तेथून एकच पायरी वर होती. २०२२ सालीं मॅकलारेननें त्याला सिल्व्हरस्टोनवर आपली मागल्या वर्षींची मोटार हांकून पाहूं दिली. त्या वर्षाच्या अखेरीस रेड बुलशीं त्याचा संबंध संपला. पुढलें वर्षही तो फॉर्म्युला टूमध्येंच दुसऱ्या एका डच संघाकडून धावला, आणि २०२४ च्या जानेवारींत मेक्सिको शहरांत विजेवर चालणाऱ्या माझेरातीच्या मोटारींत बसला.