अजिंठ्याचा तपकिरी रंग

इंद्रधनुष्यात तपकिरी रंग नसतो. नारिंगी रंग काळवंडला की त्यालाच आपण तपकिरी म्हणतो. म्हणून चित्रकाराला हा रंग बहुधा मिश्रणानेच सिद्ध करावा लागतो. त्याचे आपल्या भाषेतील हे नावही फार जुने नव्हे. पोर्तुगीजांच्या मागोमाग या देशात तंबाखूचा प्रवेश झाला आणि नाकात ओढावयाच्या तपकिरीवरून रंगाला ते नाव मिळाले.

अजिंठ्याच्या चित्रकारांपाशी हे नाव नव्हते. रंग मात्र होता. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावरील ही लेणी. त्यांपैकी १, २, १६ व १७ या क्रमांकांच्या लेण्यांतील प्रसिद्ध चित्रे पाचव्या शतकातील, वाकाटकांच्या काळातील होत. भाताचा तूस व वनस्पतींचे तंतू घालून मळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ लेप आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालविलेले रंग, अशी त्यांची रीत होती.

रंगद्रव्ये मोजकीच होती. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, दिव्याची काजळी, पांढऱ्यासाठी चुना व पांढरी माती. केवळ निळा लाजवर्द दूर बदख्शानाहून येई. गेरू आणि पिवळी माती ही दोन्ही लोहाचीच रूपे. पिवळीत पाण्याचा अंश बांधलेला असतो. भाजल्यावर तो निघून जातो आणि माती तांबडी होते. या दोहोंच्या मिश्रणात काजळी घातली की गडद तपकिरी, पांढरा घातला की गव्हाळ, आणि गेरूत हिरवा मिसळला की मातकट छटा मिळते. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी व त्याच्या भोवतालचे स्त्रीपुरुष पाहावेत : गोरी, गव्हाळ, सावळी अशी माणसांची कांती तेथे एकमेकींशेजारी नांदते. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रही मूळ रंग पाचच सांगते आणि मिश्रणांची गणती चित्रकाराच्या बुद्धीवर सोपविते.

परंतु आज भिंतीवर दिसणारा सगळाच तपकिरी रंग त्या कलावंतांचा नव्हे. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली. पुढे नकला करणाऱ्यांनी अंधूक चित्रे उजळावीत म्हणून त्यांवर रोगण फासले. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटत चाललेला गिलावा जागच्या जागी बसविला, हे त्यांचे मोठेच कार्य. पण त्यांनीही चपडीच्या लाखेचा लेप दिला. कालांतराने तो पिवळा पडला. त्याखाली पांढरा मातकट झाला, निळा हिरवट भासू लागला, तपकिरी अधिकच गडद झाला.

मूळ रंगांची साक्ष देऊ शकणाऱ्या नकलाही पुष्कळशा नष्ट झाल्या. रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांच्या कित्येक नकला १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या.

तेव्हा आता साक्ष भिंतीचीच. १९९९ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांनी नवव्या व दहाव्या लेण्यांतील काजळी व लाख उतरविण्याचे काम हाती घेतले. ते अत्यंत संथपणेच करावे लागते. कारण वरचा तपकिरी थर काळाचा आणि त्याखालचा चित्रकाराचा असतो, आणि हात जरा जड पडला तर लाखेबरोबर दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कालविलेला गेरूही निघून येईल.