कालवाचक क्रियाविशेषणे आणि इंग्रजीतील काळाची निवड (खानदेशी भाषकांच्या संदर्भात)

काल, उद्या, आत्ताच, अजून अशा अर्थाचे शब्द इंग्रजी वाक्यात आले की क्रियापदाचे कोणते रूप योजावे, हा मराठी माध्यमातून इंग्रजी शिकणाऱ्यांपुढचा जुना प्रश्न. त्याचे रूढ उत्तर तक्त्याचे आहे : ‘यस्टरडे’ दिसला की साधा भूतकाळ, ‘टुमॉरो’ दिसला की भविष्यकाळ, ‘नाऊ’ दिसला की अपूर्ण वर्तमानकाळ. तक्ता खूण दाखवतो, कारण सांगत नाही. बोलणारा घटनेकडे कोठून पाहतो यावर क्रियापदाचे रूप ठरते. क्रियाविशेषण त्या दृष्टीशी जुळावे लागते, एवढेच. भुसावळहून उद्या सहाला सुटणाऱ्या गाडीविषयी ‘द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स टुमॉरो’ असे साध्या वर्तमानकाळात म्हणतात, कारण वेळापत्रक आजच ठरलेले असते. ‘धिस मॉर्निंग’चेही तसेच. सकाळ सरली नसेल तर ‘आय हॅव सीन हिम धिस मॉर्निंग’, दुपार झाल्यावर ‘आय सॉ हिम धिस मॉर्निंग’. शब्द तोच, काळ दोन.

मराठी भाषकाची चूक होते ती या दृष्टीच्या फरकामुळे. ‘तो काल आला आहे’ हे मराठीत बिनदिक्कत चालते. येणे कालचे, पण माणूस अजून येथेच आहे. इंग्रजीचा पूर्ण वर्तमानकाळ संपून गेलेल्या कालशी जुळत नाही. ‘मी दहा वर्षांपासून धुळ्यात राहतो’ यातला ‘पासून’ आरंभबिंदू आणि कालावधी दोन्ही सांभाळतो, म्हणून ‘सिन्स टेन इयर्स’ तोंडी येते. इंग्रजीला बिंदूसाठी ‘सिन्स’, कालावधीसाठी ‘फॉर’ आणि क्रियापदात ‘हॅव’ लागतो. मात्र घरची भाषा नेहमी आडच येते असे नाही. प्रमाण मराठीतील ‘तो काय करतो?’ हा प्रश्न संदर्भानुसार नेहमीच्या किंवा चालू कामाविषयी असू शकतो. खानदेशीत, म्हणजे अहिराणीत, ‘काय करस?’ आणि ‘काय करी राहिना?’ असे दोन साचे आहेत, आणि इंग्रजीतील साधा व अपूर्ण वर्तमानकाळ हा भेद त्यांच्या आधारे समजावता येतो. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात खानदेशीचे वर्णन मराठीच्या सातव्या खंडात नाही. ते भिल्ली भाषांबरोबर नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (1907) आहे. तेथे ती मराठीपासून अशी वेगळी धरलेली असूनही जळगाव-धुळ्याच्या वर्गात इंग्रजीची तुलना बहुधा प्रमाण मराठीशीच होते.

परीक्षेत वेळ थोडा, म्हणून तक्ताच बरा, असा आक्षेप येतो. रिकाम्या जागा भरताना तो बहुतेकदा साथ देतो हे खरे. स्वतःचे वाक्य रचताना मात्र क्रियाविशेषण आधीच लिहिलेले नसते, ते लिहिणाऱ्यालाच निवडावे लागते. दुसरा आक्षेप असा की, ‘सिन्स टेन इयर्स’ भारतात सर्वांना कळते, आणि ब्रिटिश माणूस ‘आय हॅव जस्ट ईटन’ म्हणतो तेथे अमेरिकन ‘आय जस्ट एट’ म्हणतो. मग नियम कशाला? वापरातील हा फरक नियमाचा आग्रह सैल करतो, पण मूळ मुद्दा बळकटच करतो : एकाच ‘जस्ट’बरोबर दोन काळ चालतात, तर काळ ‘जस्ट’ने ठरवलेला नाही. हे मराठी भाषकाला नवे वाटू नये. निघण्याआधीच ‘आलोच’ म्हणताना तो भूतकाळाचे रूप भविष्यासाठी वापरतो, ‘उद्या जळगावला जातो’ म्हणताना वर्तमानाचे. इंग्रजी काळांचा पाठ या परिचित वाक्यांपासून सुरू करावा. तक्ता शेवटी, उत्तर पडताळण्यापुरता ठेवावा.