नैराश्याची गोळी बदलल्यावर आधीपेक्षा जास्त त्रास का होतो?

डॉक्टर सांगतात, ही गोळी आता बंद करू, उद्यापासून ही दुसरी घ्या. प्रिस्क्रिप्शनवर हा बदल एका ओळीचा असतो. मग चौथ्या दिवशी अंधेरी स्टेशनचा पूल चढताना गरगरायला लागतं. मान पटकन वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं होतं. रात्री विचित्र, अगदी खरी वाटणारी स्वप्नं पडतात आणि ऑफिसात कुणी साधं काही बोललं तरी डोळे भरून येतात. माणूस ठरवून टाकतो की नवी गोळी आपल्याला सूट होत नाही, आणि तीही बंद करतो.

इथेच गडबड होते. असा त्रास अनेकदा नव्या गोळीचा नसतोच. जुनी गोळी शरीरातून कमी होत असते, त्याचा असतो. ती गेलेलीच आहे, आता नवीही बंद केली तर हातात काहीच उरत नाही आणि मूळ आजाराला रान मोकळं मिळतं.

गोळी बदलतात तरी का?

बदलावी लागणं अजिबात विशेष नाही. अमेरिकेत २००० नंतरच्या काही वर्षांत 'स्टार-डी' नावाचा मोठा अभ्यास झाला होता. त्यात पहिल्या औषधाने पूर्ण बरं वाटलेले रुग्ण साधारण एक तृतीयांश होते. बाकीच्यांना डोस वाढवणं, औषध बदलणं किंवा दुसरं जोडणं असं काही ना काही करावं लागलं. पुरेशा डोसवर चार ते सहा आठवडे काढूनही फरक पडला नाही, वजन वाढलं, लैंगिक इच्छा कमी झाली, दिवसभर झोप येते, गर्भधारणेचा विचार आहे, अशा कारणांनी गोळी बदलली जाते. यात तुमचं काही चुकलेलं नसतं. आजार जास्त गंभीर झाला असाही त्याचा अर्थ नाही.

तीन त्रास, दिसायला सारखे

बदलाच्या काळात जे काही होतं, त्यामागे तीन वेगवेगळी कारणं असू शकतात. ती ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे तारीख.

पहिलं कारण, जुनं औषध सुटणं. बहुतेक गोळ्यांच्या बाबतीत डोस कमी केल्यावर किंवा बंद केल्यावर दोन ते चार दिवसांत हे सुरू होतं. गरगरणं, मळमळ, फ्लू आल्यासारखं अंग, झोप उडणं, चिडचिड, कारण नसताना रडू येणं आणि तो डोक्यातला करंट. करंटची ही तक्रार सांगितली की घरचे हसतात, कधी एखादा फॅमिली डॉक्टरही 'टेन्शन घेऊ नका' म्हणून सोडून देतो. पण हे लक्षण जगभरच्या रुग्णांनी नोंदवलेलं आहे आणि मानसोपचारतज्ज्ञांना चांगलं ठाऊक आहे. बहुतेकांचं एक-दोन आठवड्यांत शमतं. काहींचं मात्र कित्येक आठवडे, क्वचित महिने चालतं. खास करून जे वर्षानुवर्षं गोळी घेत होते त्यांचं.

दुसरं कारण, नवं औषध अंगी लागणं. हे पहिल्या एक-दोन डोसांपासूनच जाणवू शकतं. पोटात मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी, अस्वस्थपणा. मर्टाझापिनसारख्या गोळीने उलट गाढ झोप आणि भूक. यातला बराचसा त्रास पहिल्या पंधरवड्यात उतरतो. गंमत अशी की त्रास लगेच येतो आणि फायदा उशिरा. मनावर परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, पूर्ण अंदाज यायला त्याहून जास्त. म्हणजे मधले दोन आठवडे फक्त तोटाच दिसतो, आणि नेमकी तेव्हाच लोक गोळी सोडतात.

तिसरं कारण, आजार परतणं. हे सावकाश येतं, आठवड्यांच्या हिशोबात. आणि ते तुमच्या ओळखीचं असतं. पहाटेची जाग, अंथरुणातून उठवत नाही, भूक नाही, कशात रस नाही, आपण निरुपयोगी आहोत हा जुना विचार. त्यात करंट नसतो, गरगरणं सहसा नसतं. औषध बदलल्याच्या तिसऱ्या दिवशी पूर्वी कधी न झालेलं काही होत असेल तर तो आजार परतल्याचा पुरावा मानण्याची घाई नको.

असा त्रास किती जणांना होतो, यावर २०२४ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त एक मोठा आढावा आला. औषध थांबवलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना एखादं तरी लक्षण जाणवलं. पण ज्यांच्या गोळीत औषधच नव्हतं, अशांपैकीही १७ टक्क्यांनी तक्रार केली. म्हणजे काही भाग भीतीचा आणि अपेक्षेचा असतो. तीव्र त्रास सुमारे ३५ जणांत एकाला झाला. यावर टीका अशी की, त्यातल्या बऱ्याच अभ्यासांत लोकांनी काही आठवडे किंवा महिनेच औषध घेतलं होतं. पाच-दहा वर्षं घेणाऱ्याने हा आकडा जसाच्या तसा स्वतःला लावू नये.

कोणती गोळी सोडताय त्यावर बरंच ठरतं

प्रत्येक औषधाचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला ठरावीक वेळ लागतो. व्हेन्लाफॅक्सिनला जेमतेम पाच तास, आणि शरीरात त्यापासून बनणाऱ्या पदार्थाला अकराच्या आसपास. म्हणून सकाळची गोळी विसरलेल्याला संध्याकाळच्या लोकलमध्येच कसंतरी व्हायला लागतं. पॅरोक्सेटिनला साधारण एक दिवस लागतो, पण सोडायला तेही अवघड म्हणूनच प्रसिद्ध आहे. दुसऱ्या टोकाला फ्लुओक्सेटिन. ते आणि त्यापासून बनणारा पदार्थ मिळून शरीरात कित्येक आठवडे रेंगाळतात. त्यामुळे ते आपलं आपणच हळूहळू कमी होतं आणि सुटताना फारसा त्रास देत नाही. पण दुसरी बाजू अशी की गोळी बंद केली तरी औषध आत असतंच. लगेच अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखं जुन्या पद्धतीचं औषध पूर्ण डोसने सुरू केलं, तर फ्लुओक्सेटिन त्याचा निचरा अडवतं आणि त्याचं रक्तातलं प्रमाण नको तितकं वाढतं. 'एक बंद, दुसरी चालू' हा हिशोब म्हणूनच घरी बसून करायचा नसतो.

डॉक्टर बदल तीन-चार प्रकारे करतात. कधी आज जुनी, उद्या नवी. एकाच जातीच्या औषधांत, म्हणजे समजा एसिटालोप्रामवरून सर्ट्रालिनवर जाताना, हे बऱ्याचदा जमतं, कारण नवी गोळी जुनीची जागा बरीचशी भरून काढते. कधी जुनी उतरवत उतरवत नवी चढवतात, याला क्रॉस टेपर म्हणतात. कधी जुनी पूर्ण बंद करून मध्ये काही दिवस मोकळे ठेवतात. एमएओआय नावाच्या जुन्या गटातली औषधं सुरू करण्याआधी साधारण दोन आठवडे आणि आधी फ्लुओक्सेटिन असेल तर पाच आठवडे थांबावंच लागतं. बुप्रोपिऑन किंवा मर्टाझापिनवर जाताना नवी गोळी जुनीची जागा भरत नाही. तिथे नवी नियमित घेऊनही जुनी सुटल्याचा त्रास होतो, आणि हे आधी सांगितलेलं नसेल तर रुग्ण घाबरतो.

पाकिटावर दोन नावं आहेत का?

हा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. भारतात एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतं आणि ते सर्रास लिहून दिलं जातं. माणसाला वाटतं आपण नैराश्याची एक गोळी घेतोय. क्लोनाझेपाम ही वेगळ्या जातीची, शांत करणारी आणि सवय लावणारी गोळी. अशी जोडगोळी बंद करून साधी गोळी सुरू झाली, की क्लोनाझेपामही एका रात्रीत सुटतं. मग झोप पार उडते, छाती धडधडते, हात थरथरतात, आणि मोठ्या डोसवर असलेल्यांना क्वचित फिटही येऊ शकते. दोष मात्र नव्या गोळीवर जातो. तेव्हा स्ट्रिप उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. दोन औषधं दिसली तर डॉक्टरांना थेट विचारा, दुसऱ्याचं काय करायचं?

याच्या उलटही होतं. एकाच औषधाला आपल्याकडे कितीतरी ब्रँडनावं आहेत. मेडिकलवाल्याने 'हे सेमच आहे' म्हणून दुसरा ब्रँड दिला, तर घटक आणि मिलिग्रॅम तेच असल्याची खात्री केली की पुरे. तो औषधातला बदल नव्हे. पण घरात जुन्या ब्रँडची स्ट्रिप शिल्लक असेल तर नकळत दोन्ही घेतल्या जातात. ज्येष्ठांच्या बाबतीत हे खास बघायला हवं.

अर्धी गोळी, पाव गोळी

अर्धी करून सोडायचा सल्ला शेजारीपाजारीही देतात. साधी गोळी अर्धी करता येते. पण ज्यांच्या नावामागे एसआर, ईआर, सीआर अशी अक्षरं असतात त्या औषध हळूहळू सोडण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या तोडल्या की ती रचनाच मोडते. एक दिवसाआड घेणं हा तर लवकर उतरणाऱ्या गोळ्यांसाठी सगळ्यात वाईट उपाय. शरीराला रोज नवा झोका बसतो.

शेवटच्या छोट्या डोसांपाशी त्रास जास्त का होतो, यालाही कारण आहे. मेंदूतल्या ज्या जागांवर ही औषधं बसतात, त्यातल्या बऱ्याचशा छोट्या डोसनेच भरतात. वीसवरून दहा मिलिग्रॅमवर येताना फरक थोडा पडतो, पाचवरून शून्यावर येताना मोठा. लंडनमधल्या मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी २०१९ मध्ये हे मांडलं आणि शेवटचे टप्पे लहान लहान ठेवायला सुचवलं. आधीच्या वेळी त्रास झाला असेल तर 'शेवटी जरा हळू जाऊया का' हे डॉक्टरांना विचारायला संकोच नको.

मुंबईत हे दिवस काढायचे कसे

शक्य असेल तर बदल कामाच्या गर्दीत सुरू करू नका. सुरुवातीचे दहा-बारा दिवस ऑडिट, परीक्षा, घर बदलणं असलं काही नसेल असे निवडा. गरगरत असेल तेव्हा लोकलच्या दारात उभं राहू नका. बोरिवलीहून चर्चगेट किंवा मुलुंडहून सीएसएमटी लांबचा प्रवास आहे, वेळ बदलून बसायला जागा मिळत असेल तर तसं करा. बाइक, रिक्षा, टॅक्सी चालवणाऱ्यांनी पहिले काही दिवस स्वतःचा अंदाज घेतल्याशिवाय निघू नये. मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर घेता येईल का, झोप उडत असेल तर सकाळी चालेल का, हे विचारून घ्या. दारू या काळात नकोच.

आणि गणपती. उपनगरांतले निम्मे चाकरमानी कोकणात निघतात, बॅगेत नैवेद्याचं सामान असतं, गोळ्या राहतात अंधेरीच्या कपाटात. तिसऱ्या दिवशी डोकं गरगरलं की प्रवास लागला, जागरण झालं, असं म्हणून सगळे मोकळे. गावच्या मेडिकलात तीच गोळी, तेवढ्याच मिलिग्रॅमची मिळेल याचा भरवसा नाही. चार दिवस जास्तीच्या गोळ्या आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो फोनमध्ये ठेवा. पावसाळ्यात घाटकोपरला पाणी भरलं तरी तोच साठा कामी येतो. एखादा डोस चुकला तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या. दुसरा दिवस उजाडला असेल तर सोडून द्या, दोन एकदम नकोत.

रोज रात्री फोनवर दोन ओळी लिहा. कोणती गोळी किती घेतली, झोप किती झाली, काय त्रास झाला. फॉलोअपच्या दहा मिनिटांत 'बरं नाही वाटत' यापेक्षा 'मंगळवारी डोस कमी केला, शुक्रवारपासून करंट' हे वाक्य डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगतं. घरात एका माणसाला तरी तारीख माहीत असू द्या. वन बीएचकेमध्ये गोळ्या लपवणारे कमी नाहीत, आणि त्यांची चिडचिड घरच्यांना नुसता स्वभाव वाटते.

थांबायचं नाही अशी लक्षणं

दोन औषधं एकमेकांवर आली की सिरोटोनिन वाढून गंभीर अवस्था येऊ शकते. थरथर, खूप घाम, ताप, जुलाब, स्नायू ताठरणं किंवा आपोआप उडणं, गोंधळल्यासारखं वागणं. हे बहुतेक वेळा डोस बदलल्यापासून २४ तासांच्या आत दिसतं. असं झालं तर सरळ हॉस्पिटल. ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी, लिनेझोलिड हे अँटिबायोटिक आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध ही शक्यता वाढवतात. म्हणून दाताच्या डॉक्टरलाही तुमच्या गोळीचं नाव सांगा.

एका जागी बसवतच नाही अशी तगमग, दोन-तीन तास झोपूनही अंगात भलताच उत्साह आणि खर्चाचा सपाटा, किंवा मरणाचे विचार, यातलं काहीही असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. २५ वर्षांखालच्यांकडे औषध सुरू करताना आणि बदलताना घरच्यांनी जास्त लक्ष ठेवायला हवं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००७ पासून या वयोगटासाठी तशी ठळक सूचना औषधाच्या माहितीपत्रकात घालायला लावली आहे.

केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास आणि मोफत आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि तिथे मराठीत बोलता येतं. खासगी डॉक्टरांची फी परवडत नसल्याने फॉलोअप राहिला असेल तर विलेपार्ल्याचं कूपर किंवा शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय आहे. मुलुंडकरांना ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालयही जवळ पडतं. जाताना दोन्ही स्ट्रिपा सोबत न्या, जुनी आणि नवी. जुनी लगेच फेकू नका. बदल नाही जमला तर डॉक्टर काही दिवस पुन्हा तीच सुरू करून जास्त हळू उतरवू शकतात. तोवर ती दुसऱ्या डब्यात ठेवा आणि डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा, 'बंद'.